राखी हातमोज्यांचा शेवटचा डबा

श्री. आधी नमन काळोखास, की त्यावाचून पडद्यावर काही दिसत नाही. मग नमन दिव्यास, की त्यावाचून काळोख नुसताच काळोख. आणि मग नमन त्या समस्त चोरांस, जे कोट घालून आले आणि न धावता गेले. शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव पुसू नये. नाव सांगितले की लोक नकाशा उलगडून बसतात आणि गोष्ट राहते बाजूस. राज्य लहानसेच, परंतु नदी होती, बाजार होता, तोफ होती ती एकच आणि तिच्या तोंडात चिमण्यांनी घर केले होते. आणि गादीवर श्रीमंत हैबतराव महाराज होते, ते नावाचेच हैबत, स्वभावाने ताकासारखे निवळ, आणि त्यांस छंद दोनच, एक राजवाड्यामागील वांग्यांचा वाफा आणि दुसरा राणीसाहेबांच्या मुखाकडे पाहणे. राणीसाहेब म्हणजे श्रीमंत त्रिवेणीबाईसाहेब. त्यांस छंद एकच, परंतु तो दहा छंदांस भारी, तो म्हणजे पडद्यावरची हालती बोलती चित्रे. राजवाड्याच्या पागेत घोडे उरले नव्हते, तेथे बाईसाहेबांनी पांढरा पडदा ताणविला, खुर्च्या मांडविल्या, यंत्र आणविले, यंत्रावर दाजीबा नामे इसम नेमिला, आणि त्या जागेस चित्रमहाल ऐसे नाव देऊन दर शनिवारी सायंकाळी खेळ करण्याचा शिरस्ता घातला. मग परमुलखातून टपालगाडीने रिळांचे पत्र्याचे डबे यावे, शनिवारी खेळ व्हावा, सोमवारी डबे परत जावे, आणि मधल्या रविवारी साऱ्या राज्याने दुसरे काही बोलू नये.

बाईसाहेबांचा ओढा एकाच जातीच्या चित्रांकडे, ती म्हणजे गुन्ह्याची चित्रे, आणि गुन्ह्यातही डौलाचा गुन्हा. कोणी कुऱ्हाड घेऊन कोणाच्या घरात शिरला आणि आरडाओरड झाली, ऐसे चित्र लागले की त्या नाक मुरडीत आणि पानदान पुढे ओढीत. त्यांची मते पक्की होती आणि ती त्या कोणी न विचारताही सांगत. त्या म्हणत की धावतो तो भुरटा आणि चालतो तो चोर. आणि चोराने उन्हाळ्यातही कोट घालावा आणि त्यास घाम येऊ नये. आणि रक्त दाखवायचे तर पांढऱ्या बाहीवर एक थेंब, बादलीभर रक्त पाहावयाचे तर खाटकाकडे जावे, तेथे तिकीट लागत नाही. आणि फौजदार दमलेला असावा, त्याचा चहा टेबलावर निवत पडलेला असावा. आणि सर्वांत उत्तम प्रवेश तो, जेथे टोळी मेजाभोवती बसते आणि काड्यांची पेटी म्हणजे पेढी, मिठाची वाटी म्हणजे पहारेकरी, ऐसे मांडून मसलत करते. त्यातही मर्म हे, की मसलत आपणांस सबंध ऐकू आली तर ती फसणार आणि ऐकू आली नाही तर साधणार. हे मर्म बाईसाहेबांनी आपले आपण शोधिले होते आणि त्याचा त्यांस जिंकलेल्या किल्ल्याइतका अभिमान होता.

ह्या मतांस तोलामोलाचा गडी राज्यात एकच, सरदार पिराजी. वय पन्नाशीला टेकलेले, परंतु अंगात राखी कोट, डोईस तिरपी टोपी, पायांत तोंड पाहावे ऐसे चकचकीत बूट, आणि गेल्या साली शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले राखी हातमोजे, ते तो जेवतानाच काय तो काढी. चित्रमहालात बाईसाहेबांच्या उजव्या हाताची खुर्ची त्याची. मग खेळ संपला की दोघांची जुंपे. बाईसाहेब पुसत, "पिराजी, ह्या चित्रांत रस्ता सदा ओला का हो? पाऊस तर कोणी पाहिला नाही." पिराजी म्हणे, "बाईसाहेब, कोरड्या रस्त्यात दिवे दिसत नाहीत. चोराचे सोडा, रस्त्यालाही नटावे लागते." मग बाईसाहेब मान हलवीत, आणि मग शेवटावर गाडी येई. पिराजीचे म्हणणे, एकदा तरी चोरास बोटीत बसून सुखाने जाऊ द्यावे. बाईसाहेब म्हणत, "बोटीत बसून सुखाने गेला की तो व्यापारी झाला, चोर कसला? डौल उसना आणलेला असतो, पिराजी, तो दिवे लागायच्या आत परत करावा लागतो." परंतु एक गोष्ट त्यांस सलत असे. टोळीत एक बाई असायचीच, ती लांब हातमोजे घालून जिना उतरे, सर्वांत शहाणी तीच, आणि लिहिणाऱ्यांनी तिच्यापुढे दोनच वाटा ठेविलेल्या, एक तर दगा देणे नाही तर मरणे. "एवढी शहाणी," बाईसाहेब म्हणत, "तर तिला नीट घरी का जाऊ देत नाहीत?" आणि हे बोलताना त्यांचा आवाज खाली येई. मग ऐसे चित्र पाहिले की त्या सर्वांस सांगत, चित्र फार उत्तम होते, फार उत्तम. आणि दोन दोन दिवस हातातला घास टाकून ताटावरून उठत आणि ओसरीवर गप्प बसून राहात. हे पिराजीने कधी पाहिले नाही, पाहिले ते महाराजांनी.

आता राज्याच्या एका रीतीचा मजकूर लिहिणे आहे. अन्य राज्यांत राजाचे अन्न चाकर चाखितो, विषबाधेचे भय म्हणून. ह्या राज्यात मात्र महाराजांच्या आज्यापासून रीत ऐसी, की राणीच्या ताटातले अन्न राजाने स्वतः चाखावे, आणि त्याने एखादा पदार्थ काढून ठेविला तर का म्हणून कोणी विचारू नये. पुढे चित्रे आली तेव्हा शास्त्रीमंडळींनी पेच काढिला की डोळ्यांनी घेतात तेही अन्नच. मग दर शुक्रवारी दुपारी महाराजांनी चित्रमहालात एकट्याने बसावे, दाजीबाने यंत्र फिरवावे, आणि शेवटी महाराजांनी "निर्धोक" ऐसे म्हणावे, हे ठरले. महाराज शाल पांघरून मागे रेलून बसत, म्हणून साऱ्या राज्याची समजूत की ते तेथे झोप काढितात. बाईसाहेब तर तोंडावर पुसत, "काय, चाखणी झाली की पेंगणी?" आणि महाराज हसत आणि वाफ्याकडे जात.

कारभारी त्र्यंबकपंत यांस चित्रमहाल पहिल्यापासून खुपत असे. गृहस्थ सरळ, हात स्वच्छ, परंतु त्यांचे मत की पडदा आहेच तर त्यावर संतांची चरित्रे दाखवावी आणि कापसावरच्या किडीचे निवारण दाखवावे. दर शनिवारी ते मागल्या रांगेत उभे राहून सबंध खेळ पाहात, म्हणत की नजर ठेवितो. कार्तिकात एके दिवशी भर दरबारात पंत बोलिले, "बाईसाहेब, लहान तोंडी मोठा घास, पण चोरांचीच चित्रे पाहून राज्यात चोर निपजतील." बाईसाहेबांस राग आला, आणि राग आला की त्यांची जीभ चित्रातल्यासारखी बोले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या चित्रांपायी राज्यात एक जरी चोरी झाली, तर मी ह्या हातांनी चित्रमहालास कुलूप घालीन आणि किल्ली नदीत टाकीन." सर्व वाहवा म्हणाले. पंत एवढेच म्हणाले, "दरबाराने ऐकले."

मग मार्गशीर्षात ते चित्र आले. नाव 'राखी हातमोजे', डबे सहा, आणि त्याची ख्याती डब्यांच्या आधी येऊन पोचली होती. शुक्रवारी महाराजांची चाखणी झाली, ते जरा हळूच "निर्धोक" म्हणाले आणि वाफ्यात गेले. शनिवारी चित्रमहालात पाय ठेवावयास जागा नाही. दिवा मालवला आणि चित्र सुरू जाहले, आणि काय वर्णावे, चोर ऐसा की तो काडी ओढी तीही घाई न करता, आणि ओला रस्ता, आणि एकच पितळी वाद्य दूर कोठे वाजते आहे, आणि मेजावर मिठाची वाटी, आणि ती बाई जिना उतरली तेव्हा बाईसाहेबांनी पिराजीचा हात दाबला तो हातमोज्यासकट. पाच डबे झाले. चोर आणि ती बाई स्टेशनात उभी, गाडीचा धूर दोघांच्या मधून जातो आहे, चोर तिच्याकडे पाहतो आहे, त्याचा हात हळूहळू कोटाच्या खिशात जातो आहे, आणि एकाएकी पडदा पांढरा. नुसता पांढरा. कोणी हालेना. पांढऱ्यावर एक पाकोळी येऊन बसली, मग उडाली, मग पुन्हा बसली. पिराजी कानाशी लागून म्हणाला, "काय शेवट केला आहे, बाईसाहेब! काहीच दाखविले नाही!" बाईसाहेब डोळे न हलविता म्हणाल्या, "आणि ती पाकोळी पाहा. ती त्या बाईचा आत्मा." मागून कोणी हुंदका दिला. ऐसे बराच वेळ सर्व जण त्या पांढऱ्याकडे पाहून गहिवरले, इतक्यात दाजीबा मान खाजवीत बाहेर आला आणि म्हणाला, "जी, सहावा डबाच नाही. काल होता. आता नाही."

मग जो गलका झाला तो सांगवत नाही. पाकोळीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. त्र्यंबकपंत मागल्या रांगेतून पुढे आले, पडद्याच्या उजेडात उभे राहिले आणि म्हणाले, "चोरी झाली. चित्रमहालातच झाली. बाईसाहेबांचा शब्द दरबाराने ऐकिला होता." बाईसाहेबांनी मनाशी हिशेब मांडिला. कुलूप म्हणजे शनिवार गेले, शनिवार गेले की रविवारचे बोलणे गेले, आणि मग उरल्या कोण, तर ताक घुसळण्यावर देखरेख करणाऱ्या एक राणीसाहेब. परंतु बोलणे भाग. त्या म्हणाल्या, "पंत, चित्रांपायी चोरी झाली तर कुलूप, ऐसा शब्द आहे. चोर कोण आणि कशापायी, ते तर ठरू द्या." पंत न्यायी होते. त्यांणी पुढल्या शनिवारी दरबार नेमिला आणि म्हणाले, "तोवर बाईसाहेबांनी शोध लावावा. चोर न सापडला तरी कुलूप, चित्रे पाहून बिघडलेला सापडला तरी कुलूप."

मग बाईसाहेबांनी शोधाची सूत्रे हाती घेतली, आणि ती कोठून घेतली, तर चित्रांतून. त्यांणी महाराजांचा जुना लांब कोट अंगात चढविला. चहा मागविला आणि तो मुद्दाम निवू देऊन प्याल्या आणि तोंड वाईट केले. मेजावर मिठाची वाटी चित्रमहाल म्हणून ठेविली, काड्यांची पेटी यंत्राची खोली म्हणून ठेविली, आणि दोहोंकडे दोन दिवस पाहिले. मग त्यांच्या मनात आले की ज्याने भर राजवाड्यातून, कोणास न कळता, नेमका शेवटचा डबा उचलिला, तो डौलाचा माणूस. आणि राज्यात डौलाचा माणूस कोण? दाजीबानेही सांगितले की शुक्रवारी दिवेलागणीला सरदार पिराजी यंत्राच्या खोलीच्या दाराशी टेकून उभे होते. बाईसाहेबांस वाईट वाटावयास हवे होते, परंतु खरे लिहावे तर त्यांच्या अंगावर रोमांच आले.

बुधवारी पिराजीस बोलाविणे गेले. बाईसाहेबांनी खिडक्या लावून घेतल्या आणि एक दिवा त्याच्या तोंडावर धरविला, तरी फटींतून ऊन येतच होते. पिराजी आला, त्याने सर्व थाट पाहिला, आणि आपणांवर संशय आहे हे त्याच्या ध्यानी येताच त्याची छाती दोन बोटे वर आली. आजवर त्याच्यावर कोणी कशाचाही संशय घेतला नव्हता. त्याने टोपी डोळ्यांवर ओढिली आणि खांबास टेकला.

"शुक्रवारी दिवेलागणीला कोठे होता, पिराजी?"

"माणूस कोठे कोठे असतो, बाईसाहेब."

"डबा तुम्ही घेतला?"

"घेणारा कधी घेतला म्हणतो का?"

"कोठे ठेविला आहे?"

"काही वस्तू न सापडण्यातच शोभतात."

बाईसाहेब मनात म्हणाल्या, वा, काय उत्तर! आणि पिराजीही मनात तेच म्हणाला. दोघेही इतके रंगले की पडद्याआड त्र्यंबकपंत उभे आहेत हे कोणास कळले नाही. पंत पुढे आले आणि म्हणाले, "कबुली झाली. सरदार पिराजी शनिवारी हद्दीपार, आणि चित्रे पाहून बिघडल्याचा ह्याहून मोठा पुरावा नको. लोहारास कुलूप सांगतो." पिराजीची टोपी पडली. तो म्हणाला, "अहो पंत, कबुली कसली! मी आपला डौलात बोललो!" पंत म्हणाले, "डौलात दिली तरी कबुलीच ती." आणि निघून गेले. मग पिराजी मटकन खाली बसला, हातमोजे काढले, त्यांनीच डोळे पुसले आणि म्हणाला, "बाईसाहेब, आईची शपथ, मी नाही हो. नवा बूट चावत होता. म्हणून दाराशी टेकलो. टेकलो की जरा बरे दिसते, म्हणून तसाच राहिलो. आता हद्दीपार कोठे जाऊ? तिकडे मला कोणी ओळखतही नाही, तिकडे मी नुसता कोटातला म्हातारा." बाईसाहेब म्हणाल्या, "मग आधीच नाही म्हणायचे की, वेड्यासारखे!" तो म्हणाला, "तुम्ही इतके छान विचारत होता, मला मोडवेना." हे ऐकून बाईसाहेबांनी दिवा मालविला आणि खिडकी उघडिली. त्यांस कळले की आपणांस चोर नको होता, आपणांस चित्र हवे होते. आणि त्या चित्रापायी शेजारच्या खुर्चीवरचा माणूस देशोधडीस लागतो आहे. लांब कोट त्यांणी उतरवून ठेविला, आणि उरले दोन दिवस साध्या वेषात घरोघर हिंडल्या, पुसले, शोधिले, परंतु डब्याचा माग लागेना.

शनिवार उजाडला. दरबारास अवकाश होता. बाईसाहेब कोठे जावे ते न सुचून वाफ्याकडे गेल्या. महाराज बंडी आणि गुडघ्यापर्यंत धोतर ऐशा वेषात, खाली काही पाटासारखे घेऊन बसले होते आणि वांग्यांतले गवत काढीत होते, आठ दिवस त्यांणी दुसरे काही केलेच नव्हते. बाईसाहेब बांधावर बसल्या आणि बोलावयास लागल्या, की पिराजी जाणार आणि चित्रमहाल जाणार आणि मी मोठी हुशार, काड्यांच्या पेटीकडे दोन दिवस पाहात बसले, आणि शेवटी रडू आवरेना म्हणून चिडून म्हणाल्या, "तुम्हांस काय कळणार त्याचे! तुम्ही तर तेथे पेंगता."

महाराज गवताकडे पाहून म्हणाले, "पेंगत नाही मी."

"म्हणजे?"

"सगळे पाहतो. ती जिना उतरते ना, तेव्हा मध्येच एका पायरीवर थांबते आणि कठड्यावरचा हात उचलते. परत वर जावे की काय, ऐसे तिच्या मनात येते. पिराजीने ते पाहिले नसेल. तो कोट पाहात असतो."

बाईसाहेब थक्क जाहल्या. ते त्यांणी पाहिले होते आणि आपणांवाचून कोणी पाहिले नसेल ऐसे त्यांस वाटले होते. इतक्या वर्षांत उजव्या हाताच्या खुर्चीशी त्या भांडत राहिल्या, आणि खरा चित्र पाहणारा शुक्रवारी एकटा बसून गेला. मग महाराज हळूच उठले, बंडी झाडली, आणि ते ज्यावर बसले होते तो पाट नव्हे, पत्र्याचा गोल डबा होता, मातीने माखलेला, आणि वर सहाचा आकडा.

"अहो!" बाईसाहेब ओरडल्या.

"शेवट बरा नाही," महाराज म्हणाले. "तिचा. तो खिशातून—"

"सांगू नका!" आणि बाईसाहेबांनी दोन्ही कान गच्च दाबून घेतले. महाराज थांबले. मग त्यांणी बोटाने खूण केली की सांगत नाही, तेव्हा बाईसाहेबांनी कान सोडिले. "पण डबा का घेतला? सांगायचे तर खरे!"

"तुम्ही दोन दोन दिवस जेवत नाही. सगळ्यांस सांगता चित्र उत्तम होते आणि ओसरीवर भिंतीकडे पाहता. मी म्हटले एकदा तरी तुम्हांस भरल्या पोटी झोपू द्यावे. डबा कमी आला म्हणून सांगणार होतो, परंतु तुम्ही सर्वांनी लगेच चोरी, चोर, दरबार! आणि किल्ली नदीत टाकणार हे तुम्ही आधीच म्हटलेले. मग माझे तोंडच उघडेना."

बाईसाहेबांनी डबा उचलिला. तो थंड होता आणि जड होता. पाग दहा पावलांवर, दाजीबा दाराशी बसून विडी ओढीत होता, यंत्र तयार, अर्ध्या घटकेचा तर खेळ. खिशात काय होते, पिस्तूल की तिकीट? त्या दोन पावले गेल्या. मग थांबल्या, कारण दरबारात जाऊन काय बोलावे ते त्यांस त्याच पावलावर सुचले होते, आणि जे सुचले त्यात हा डबा उघडण्यास जागा नव्हती.

दरबार भरला. पिराजी साध्या धोतरात आला होता आणि कोणी त्यास आधी ओळखिलेच नाही. लोहार कुलूप घेऊन कोपऱ्यात उभा. बाईसाहेबांनी डबा मध्ये ठेविला आणि म्हणाल्या, "पंत, चोरी झाली नाही. महाराज माझे चाखणीकर. त्यांणी सहा डबे चाखिले, एक मला बाधेल ऐसे वाटले, तो काढून ठेविला. राजाने राणीच्या ताटातून मिरची काढली तर ह्या राज्यात त्यास चोरी म्हणत नाहीत, आज्यापासून म्हणत नाहीत." सर्वांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांच्या गुडघ्यास माती होती. ते उभे राहून म्हणाले, "हो. मीच." आणि बसले. ते त्यांचे दरबारातले सर्वांत लांब भाषण म्हणून गणतात.

त्र्यंबकपंतांनी बराच वेळ मिशी चाचपिली, मग म्हणाले, "रीत मान्य. मग चोरी नाही, सरदार मोकळे, कुलूपही नाही. परंतु रीत धरायची तर सबंध धरावी, बाईसाहेब. काढून ठेविलेला पदार्थ पुन्हा त्या ताटात येत नाही. हा डबा आपण आज पाहायचा नाही आणि कधीच पाहायचा नाही. पाहिलात तर ती चाखणी नव्हती, चोरीच होती, आणि मग आपला शब्द उभा राहतो."

सर्वांस ठाऊक होते की ही बाई एकदा अर्ध्या राहिलेल्या चित्रापायी परक्या गावी जाऊन, तिकिटखिडकीवर उन्हात उभी राहून, शेवट पाहून आलेली बाई आहे. बाईसाहेबांच्या डोळ्यांपुढे तो धूर आला, तो खिशाकडे जाणारा हात आला, आणि ते पांढरे आले. त्यांणी डब्यावर एकदा हात ठेविला आणि म्हणाल्या, "मान्य."

मग पंत खाकरले, इकडे तिकडे पाहिले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "बंदी अर्थात आपणांपुरती. म्हणजे अन्य कोणी, केवळ नजर ठेवण्याच्या कामी—"

"पंत," बाईसाहेब म्हणाल्या, "शनिवारचे ताट सगळ्यांचे एकच असते."

पंतांचा चेहरा पडला, तो पाहून पिराजी प्रथम हसला, मग लोहार हसला, मग सगळा दरबार हसला, आणि शेवटी पंतही हसले, परंतु त्यांचे हसणे जरा रडके होते. मग डबा सर्वांसमक्ष सुतळीने बांधून लाखेने बंद केला आणि परत पाठविला, आणि टपालगाडी वळणापार जाईतो बाईसाहेब दारात उभ्या होत्या.

त्या सायंकाळी खेळ नव्हता. बाईसाहेब आणि महाराज ओसरीवर बसले. बाईसाहेब म्हणाल्या, "पाहायचे नाही ऐसा शब्द आहे. ऐकायचे नाही ऐसा नाही. सांगा मला शेवट."

महाराजांनी उपरण्याचे टोक चुरगाळिले. म्हणाले, "त्याने खिशातून तिकीट काढले. तिच्या हातात दिले."

"बरे. मग?"

"मग ती म्हणाली, मला नको. गाडीची वाट कोण पाहात बसेल. आणि ती स्टेशनाबाहेर आली. तेथे मोटार होती."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे तिरप्या नजरेने पाहिले. असला बेडौल शेवट त्यांणी जन्मात पाहिला नव्हता. पाचव्या डब्यात मोटारीचा मागमूस नव्हता, आणि त्या बाईच्या तोंडचे बोलणे तर हुबेहूब वाफ्यातल्या माणसाचे होते. त्यांस सर्व कळले. आणि त्या म्हणाल्या, "हातमोजे?"

"काढले. चाक धरायला अडचण होते."

"मग मोटार कोण चालवत होते?"

"तीच."

"तिला येते?"

महाराज अडले. मग म्हणाले, "शिकली असेल, आपली आपण."

बाईसाहेबांनी पाय वर घेतले, पदर नीट केला आणि खांबास टेकून म्हणाल्या, "हळू सांगा. घाई करू नका. रस्ता कसा होता?"

ऐसा हा मजकूर. डबा आला तैसा गेला, कुलूप लोहाराने धान्याच्या कोठारास लाविले, पिराजीने बूट सैल करून घेतला आणि कोणी काही पुसले तर सरळ हो किंवा नाही म्हणू लागला, आणि त्र्यंबकपंत मागल्या रांगेतून मधल्या रांगेत आले, म्हणाले मागून नजर नीट पोचत नाही. शुक्रवारच्या चाखणीस आता खुर्च्या दोन मांडितात, एक महाराजांची आणि एक बाईसाहेबांची. शास्त्रीमंडळींनी हरकत घेतली, ती कोणी ऐकिली नाही. त्या बाईचे पुढे काय झाले ते राज्यात ज्यास जैसे हवे तैसे सांगतात. महाराजांच्या सांगण्यात ती अद्याप मोटार चालवीत आहे, आणि रस्ता कोरडा आहे.